साडेचार महिन्यांत चार सत्तापालट: लालिबेलाच्या लोकांनी काय सोसलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग थोडा नीट लावून इथे देतोय.

सुरुवातीला एक कल्पना करा. सकाळी उठलात आणि फोनला नेटवर्क नाही. वाटलं, येईल थोड्या वेळात. दुपारी वीज गेली. दुसऱ्या दिवशी बँकेला कुलूप, एटीएम बंद. तिसऱ्या दिवशी कळलं की पिठाची गिरणी बंद आहे, कारण वीज नाही आणि डिझेलही संपलंय. घरात धान्य आहे, पण पीठ नाही. खात्यात पैसे आहेत, पण हातात एक नोट नाही. आणि गावात बंदूक घेऊन फिरणारे लोक कालच्यापेक्षा वेगळे आहेत.

ही गोष्ट इथिओपियातल्या लालिबेला नावाच्या शहराची. ऑगस्ट ते डिसेंबर २०२१ या साडेचार महिन्यांत या शहराचा ताबा चार वेळा पालटला.

आधी शहराची ओळख

लालिबेला उत्तर इथिओपियात, अम्हारा प्रदेशात आहे. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार मीटर उंचीवर, डोंगराळ भागात. राजधानी अदिस अबाबापासून सहाशेहून जास्त किलोमीटर. विमानाने तासाभराचं अंतर, रस्त्याने जायचं तर दोन दिवसांची तयारी ठेवायची.

इथे ११ चर्च आहेत, आणि एकही 'बांधलेलं' नाही. सगळी खडकात कोरलेली आहेत. आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं जसं वरून खाली कोरत नेलंय, तशीच ही रीत. आधी भोवती खोल चर खणायचा, मध्ये उरलेल्या प्रचंड खडकाला बाहेरून आकार द्यायचा, मग आतून पोखरत जायचं. सगळ्यात प्रसिद्ध चर्च 'बेते गियोर्गिस'. वरून पाहिलं तर जमिनीत उतरवलेला एक मोठा क्रूस दिसतो.

ही चर्च बाराव्या-तेराव्या शतकात झाग्वे घराण्याच्या लालिबेला राजाने कोरून घेतली अशी परंपरा आहे. शहराचं जुनं नाव रोहा. राजाला म्हणे इथे दुसरं जेरुसलेम उभं करायचं होतं, म्हणून इथल्या ओढ्याचं नावही जॉर्डन नदीवरून 'योर्दानोस' ठेवलेलं. लोक सांगतात की दिवसा माणसं कोरायची आणि रात्री देवदूत येऊन काम पुढे न्यायचे!

१९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी काढली, तिच्यात फक्त १२ ठिकाणं होती. लालिबेला त्यातलं एक. पण ही काही तिकीट काढून बघायची जुनी वास्तू नाही. इथे आजही रोज पूजा होते. ७ जानेवारीला 'गेन्ना' असतो, म्हणजे इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळ. तेव्हा पांढरी शाल पांघरलेले हजारो भाविक येतात, कित्येकजण दिवसच्या दिवस चालत. थोडक्यात, तिथली वारीच म्हणा ना.

भांडण नेमकं कोणाचं?

इथिओपियाचे प्रदेश मुख्यतः वांशिक ओळखीवर आखलेले आहेत. १९९१ नंतर जवळपास २७ वर्षं केंद्रात टीपीएलएफ या टिग्रेच्या पक्षाचं वजन होतं. २०१८ मध्ये अबी अहमद पंतप्रधान झाले आणि हे गणित फिरलं. शेजारच्या एरिट्रियाशी समेट केला म्हणून २०१९ चं शांततेचं नोबेल अबींना मिळालं. २०२० मध्ये कोविडमुळे निवडणुका पुढे ढकलल्या, तरी टिग्रेने आपली निवडणूक घेतली. तणाव वाढत गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेतल्या लष्करी तळांवर हल्ला झाला आणि केंद्राने सैन्य घुसवलं. एरिट्रियाचं सैन्य आणि अम्हाराच्या फौजाही केंद्राच्या बाजूने उतरल्या.

पहिले आठ महिने युद्ध टिग्रेच्या भूमीवर होतं, आणि तिथल्या सामान्य माणसाचे भयंकर हाल झाले. अक्सुम हे टिग्रेतलं दुसरं पवित्र शहर. तिथे नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस एरिट्रियन सैनिकांनी शेकडो नागरिकांना ठार केल्याचं मानवाधिकार संघटनांनी नोंदवलंय. हे आधीच सांगतोय, कारण पुढची गोष्ट ऐकताना 'एक बाजू राक्षस, दुसरी देव' असं वाटायला नको.

जून २०२१ च्या शेवटी टिग्रेच्या फौजांनी आपली राजधानी मेकेले परत घेतली आणि त्या दक्षिणेला अम्हारात शिरल्या. वाटेत लालिबेला होतं.

चार तारखा

५ ऑगस्ट २०२१: टिग्रेच्या फौजा शहरात आल्या. बरेच लोक आधीच डोंगराकडे, खेड्यांकडे निघून गेले होते.

१ डिसेंबर: अबी अहमद स्वतः आघाडीवर गेले होते, त्यानंतरच्या चढाईत सरकारने शहर परत घेतल्याचं जाहीर केलं.

१२ डिसेंबर: टिग्रेच्या फौजा पुन्हा शहरात. म्हणजे सुटकेचा आनंद दोन आठवडेही टिकला नाही.

१९-२० डिसेंबर: सरकारी सैन्य परत आलं, आणि टीपीएलएफने अम्हारा-अफारमधून माघारीची घोषणा केली.

राज्य कोणाचं, हे कशावरून कळतं?

आपल्याला वाटतं, झेंड्यावरून. तिथे राहणाऱ्याला ते कळतं फोन, बँक, वीज आणि रस्ता यांवरून.

त्या काळात इथिओपियात मोबाईल सेवा देणारी एकच कंपनी होती, सरकारी 'इथिओ टेलिकॉम'. सगळ्यात मोठी बँक आणि वीजही सरकारच्याच हातात. त्यामुळे एखादा भाग बंडखोरांकडे गेला की या सेवा तुटतात. कधी तारा तुटल्याने, कधी कर्मचारी पळाल्याने, कधी मुद्दाम. टिग्रेमध्ये तर हे वर्षाहून जास्त काळ चाललं.

एक सेवा तुटली की बाकीच्या मागोमाग कोसळतात. बँक बंद म्हणजे पगार नाही. शिक्षक, नर्स, कारकून सगळे बिनपगारी. हातात नोटा नाहीत म्हणजे दुकानदार उधारीवर. रस्ता बंद म्हणजे दुकानात नवा माल नाही, म्हणून मीठ-तेल महाग. गिरणी बंद म्हणजे घरच्या बाईने दगडावर दळायचं. तिथलं रोजचं जेवण म्हणजे इंजेरा, टेफ या बारीक धान्याच्या पिठाची, आंबवून केलेली मोठी घावनासारखी भाकरी. पिठाशिवाय ती कशी होणार? अम्हारात कितीतरी दवाखाने लुटले गेले, त्यामुळे मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या साध्या गोळीसाठीही वणवण.

आणि फोन बंद म्हणजे काय, हे तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. अदिसमध्ये शिकणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने कळत नाही की आई आहे की गेली.

त्यात सगळ्यात अवघड प्रश्न असतो: तू कोणाचा? ताबा एकदाच पालटला तर माणूस निमूट जुळवून घेतो. चार वेळा पालटला की आधीचं प्रत्येक जुळवून घेणं पुढच्या वेळी गुन्हा ठरू शकतं. कालच्या सैनिकाला चहा दिला होतास? भाषांतर करून दिलंस? तुझी आई टिग्रेची आहे ना? लालिबेला टिग्रेच्या सीमेपासून फार लांब नाही. अशा भागात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होतात, बाजार एकच असतो. युद्धात त्याच नात्यांचा संशय घेतला जातो.

दगड वाचले, पण माणसं?

ऑगस्टमध्ये शहर पडलं, तेव्हा जगभर बातमी झाली. युनेस्कोने चिंता व्यक्त केली, अमेरिकेने टिग्रेच्या फौजांना वारसा जपण्याचं आवाहन केलं. काळजी अगदी रास्त होती. आणि चर्च टिकली. पुजाऱ्यांनी जागा सोडली नाही, आणि शस्त्रं हातात असलेले दोन्हीकडचे बहुतेक लोक त्याच ऑर्थोडॉक्स पंथातले.

पण जरा विचार करा. शहर सुमारे २० हजार लोकांचं. पोट कशावर? पर्यटनावर. गाइड, हॉटेलवाले, खेचरवाले, क्रूस आणि शाली विकणारे. कोविडने २०२० मध्येच हा धंदा झोपवला होता, युद्धाने उरलंसुरलं नेलं. जगाला बेते गियोर्गिसचा फोटो माहीत आहे. तो फोटो काढून देणारा गाइड आज काय खातोय, हे कोणी विचारलं नाही.

७ जानेवारी २०२२ ला, ताबा शेवटचा पालटल्यावर तीनच आठवड्यांनी गेन्ना साजरा झाला. शहरात वीज अजून आली नव्हती. तरी हजारो भाविक आले. गेन्नाच्या आधी चाळीसेक दिवसांचा उपास असतो, दूध-मांस-अंडी वर्ज्य. त्या वर्षी डिसेंबरातले तिन्ही सत्तापालट याच उपासाच्या दिवसांत झाले होते. श्रद्धेने धरलेला उपास आणि घरात काही नाही म्हणून घडलेला उपास, दोन्ही एकाच ताटात.

मग शांतता आली का?

२ नोव्हेंबर २०२२ ला प्रिटोरियात सरकार आणि टीपीएलएफ यांच्यात करार झाला. या युद्धात मेलेल्यांची संख्या ६ लाखांपर्यंत असू शकेल, असा अंदाज आफ्रिकी संघाचे दूत ओबासान्जो यांनी मांडला होता.

पण लालिबेलाची गोष्ट तिथे संपली नाही. २०२३ मध्ये प्रादेशिक फौजा विसर्जित करण्याच्या निर्णयावरून अम्हारातच असंतोष पेटला. 'फानो' म्हणजे अम्हाराचे सशस्त्र गट, जे टिग्रेविरुद्ध सरकारच्या बाजूने लढले होते, ते आता सरकारविरुद्ध उभे राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी लालिबेला आणि तिथला विमानतळ काही दिवस ताब्यात घेतला. विमानं बंद, इंटरनेट बंद. नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढाई झाली, आणि जड शस्त्रांच्या हादऱ्यांनी चर्चना धोका होईल अशी भीती तिथल्या लोकांनी बोलून दाखवली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्यांना 'सोडवणारे' म्हटलं, तेच दोघे आता त्याच गल्ल्यांत एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

म्हणून पुढच्या वेळी 'अमुक शहर अमक्यांनी जिंकलं' अशी बातमी फोनवर आली, की नकाशावरचा रंग बघून स्क्रोल करू नका. तीन प्रश्न विचारा: तिथे फोन लागतोय का? बँक उघडली का? गिरणी चालू आहे का? ही तीन उत्तरं 'नाही' असतील, तर जिंकलं कोणीही असो, तिथला माणूस हरलेलाच आहे.

आजच्यापुरतं इतकंच. कुणाला हा भाग ऐकवावासा वाटला तर लिंक पाठवा, आणि काही विचारायचं असेल तर खाली लिहा. भेटू पुढच्या भागात!