दुनळीच्या नळीत ठिपके दिसतायत, विकायच्या आधी पॉलिश करू का?

इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी, या भागाचं हे लिखित रूप.

सावंतवाडीकडच्या एका श्रोत्याचा प्रश्न आहे. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची जुनी दुनळी आहे. आता वय झालं, म्हणून ते ती विकतायत. गिऱ्हाईक ठरलंय. पण नळीतून उजेडाकडे बघितलं की आत काळपट ठिपके दिसतात. ‘पॉलिश करून चकाचक करू का? भाव बरा येईल.’

माझं उत्तर: नको. पण का, ते नीट समजून घ्या.

आधी हे ठरवायचं की ती झीज आहे की नुसता मळ. छऱ्यांचं शिसं नळीला आतून चिकटतं, त्याचे पट्टे गंजासारखेच दिसतात. म्हणून आजोबांनी (परवाना त्यांचा, तेव्हा हातही त्यांचेच, तुम्ही रीलसाठी बंदूक उचलू नका) दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघावं, नळ्या काढाव्यात आणि गजाला पितळी ब्रश लावून सॉल्व्हंटने साफ कराव्यात. दोन-तीन वेळा करावं लागतं. मग परत उजेडाकडे धरून बघायचं. जे गेलं ते शिसं. जे राहिलं ते खड्डे.

कोकणात हे खड्डे पडणारच हो. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून मिठासारखा क्षार उरायचा. तो दमट हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड खातो. वरून कितीही तेल लावा, तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुनी माणसं आधी गरम पाण्याने नळी धुवायची, मग कोरडी करून तेल लावायची.

आता पॉलिशचं. खड्डा भरता येत नाही. त्याच्या आजूबाजूचं लोखंड घासून खाली आणायचं, म्हणजे ठिपका दिसेनासा होतो. म्हणजेच नळीची भिंत पातळ होते आणि आतलं माप वाढतं. बारा बोअरचं मूळ माप साधारण १८.५ मिलीमीटर. गंमत म्हणजे हा ‘बारा’ आकडा एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी नळी, यावरून आलाय. काडतुसाजवळ नळी जाड असते, पण दाबही तिथेच सगळ्यात जास्त. पुढे दाब कमी होतो, तशी भिंतही पातळ होत जाते. तिथे घासलेलं डोळ्याला दिसत नाही आणि नळीवर डावा हात नेमका तिथेच असतो. गिऱ्हाइकाचा.

उलट छऱ्यांच्या बंदुकीत बारीक, उथळ ठिपक्यांनी माऱ्यात फारसा फरक पडत नाही. रायफलचं वेगळं, तिथे आतले आटे झिजले की नेमच बिघडतो. दुनळीत खड्डे खोल असतील, काडतुसाच्या घरात असतील किंवा नळीला पोचा असेल, तर मात्र परवानाधारक दुकानातल्या गनस्मिथकडून आतलं माप आणि भिंतीची जाडी दोन्ही मोजून घ्या. तो नको म्हणाला तर सौदा थांबवा.

ठिपके किरकोळ निघाले, तर गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवा, मोजलेले आकडे लिहून द्या आणि किंमत थोडी उतरवा. यात मला फक्त सज्जनपणा दिसत नाही, त्यामागे कायदाही आहे. शस्त्र कायद्याप्रमाणे अशी खाजगी विक्री करायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह, लेखी कळवावं लागतं. कळवल्यावर किमान ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याचा परवानाही त्या बंदुकीला लागू हवा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे समोरचा माणूस आपल्या दोन जागांपैकी एक तुमच्या आजोबांच्या दुनळीला देतोय. घरी नेल्यावर त्याला खड्डे दिसले, तर ओएलएक्सवरच्या फोनसारखी दुसऱ्या दिवशी ती परत आणून देता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा थांबणं.

तेव्हा पोलीस ठाण्यात पत्र द्यायच्या आधीच त्याला नळीतून उजेड दाखवा. नंतर नको.