झडप बदलल्यानंतरचे सहा आठवडे

हृदयाची झडप बदलण्याची मोठी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण साधारण आठवडाभराने घरी येतो, तेव्हा त्याच्या छातीचे मधले हाड जुळलेले नसते, नुसते बांधलेले असते. गळ्याखालच्या खळगीपासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत उतरणारे हे चपटे हाड, म्हणजे उरोस्थी, उभे कापून छाती उघडतात आणि काम झाल्यावर त्याचे दोन भाग स्टेनलेस स्टीलच्या तारांनी आवळून ठेवतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरती मजबुती यायला बारापर्यंत. वरची जखम मात्र दोन-तीन आठवड्यांत सुकलेली दिसते, आणि मग घरातल्या सगळ्यांना, खुद्द रुग्णालाही, वाटू लागते की आता बरे झाले. वरून बरे दिसणे आणि आतून बरे होणे यांच्यातल्या त्या काळातच जोडीदाराचे बहुतेक काम असते.

आपल्याकडे झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण अजूनही संधिज्वर हेच आहे. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, पुरते उपचार होत नाहीत, शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते आणि पुढे काही वर्षांनी डावीकडची मायट्रल झडप आखडते किंवा गळू लागते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. त्यामुळे कार्डियाक वॉर्डात खाटेवर तिशी-चाळिशीतली बायको आणि स्टुलावर फाईल सांभाळत बसलेला नवरा असे जोडपे हमखास दिसते. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ही शस्त्रक्रिया होऊ शकते. घरी गेल्यावर कणीक कोणी मळायची, हे मात्र कोणत्याच योजनेत लिहिलेले नसते.

आणि प्रश्न खरोखर कणकेचाच असतो. डिस्चार्जच्या वेळी 'दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नका' असे सांगितले जाते. ते ऐकून घरचे लोक गॅस सिलिंडर आणि पाण्याची कळशी बाजूला करतात. पण हाडावर ताण येतो तो नुसत्या वजनाने नाही. दोन्ही तळव्यांनी जोर देऊन केलेले काम छातीच्या स्नायूंमार्फत त्या तारांवर येते: कणीक मळणे, चादर पिळणे, घट्ट बसलेले कुकरचे झाकण फिरवणे, पाट्यावर वाटण वाटणे, माळ्यावरचा डबा ओढून काढणे, रडणारे मूल कडेवर घेणे. या कामांची यादी कोणी करून देत नाही. ती नवऱ्यालाच करावी लागते, आणि ज्याने आजवर स्वयंपाकघरात चहापलीकडे काही केले नाही त्याला ती सुचतच नाही. अलीकडे काही केंद्रांनी वजनाचे नियम सैल केले आहेत. कोपरे अंगाला चिकटलेली ठेवून हलकी कामे करायला ते मोकळीक देतात. आपल्या सर्जनने जे सांगितले असेल ते पाळावे, हेच बरे.

मदत करण्यातली पहिली चूक बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी होते. ती उठू लागली की तो प्रेमाने हात पुढे करतो आणि तिला दंडाला धरून ओढतो. नेमके तेच करायचे नसते, कारण त्या ओढीने हाडाच्या दोन कडा एकमेकींवर घासतात. उठण्याची पद्धत ठरलेली आहे. तिने गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचे, पाय खाटेखाली सोडायचे. पायांच्या भाराने धड आपोआप वर येऊ लागते. त्याने फक्त पाठीमागून, दोन खांद्यांच्या मधोमध, पसरलेला तळवा टेकवून आधार द्यायचा. बसल्यावर मिनिटभर थांबायचे, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे चक्कर येऊ शकते. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्या घरांत निदान दोन महिने तरी खाट मिळवावी, आणि भारतीय पद्धतीच्या संडासात वर ठेवायची खुर्ची. उकिडवे बसून हाताच्या जोरावर उठणे हा प्रकार टाळलेलाच बरा.

खोकताना उशी छातीशी कवटाळायची, हे रुग्णालयात शिकवतात. ती उशी रात्री हाताशी ठेवणे हे जोडीदाराचे काम. तीन रंगीत गोळ्यांचे यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, दर तासा-दोन तासांनी ओढायचे असते. त्यात फुंकायचे नसते. श्वास आत ओढून गोळ्या वर धरायच्या असतात. पुष्कळ जण घरी आल्यावर उलटेच करतात. फुप्फुसांच्या तळाशी कफ साचू नये, यासाठी हा खटाटोप.

अंघोळीत पाण्याची बादली तिने उचलायची नाही, स्टुलावर बसून कोमट पाणी घ्यायचे, जखम चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. हळद, तेल, पावडर काहीही लावायचे नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जी डॉक्टर क्वचितच उलगडून सांगतात: स्तनांच्या भाराने जखमेचा खालचा भाग ताणला जातो, म्हणून पुढून बंद होणारी, आधार देणारी ब्रा दिवसरात्र वापरलेली बरी. मंगळसूत्र नेमके टाक्यांवर घासते; ते काही दिवस काढून ठेवण्यात काही अशुभ नाही. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन वेणी घालणे पहिले काही आठवडे जड जाते. नवऱ्याने घातलेली वेणी सैल आणि वाकडी होते, आणि ती तशीच चालते.

सकाळचा क्रम वजनाने सुरू होतो. लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले, तर ते अन्नाने वाढलेले नसते; अंगात पाणी साचू लागलेले असते. लघवीची गोळी सकाळी द्यावी, म्हणजे रात्रीची झोपमोड टळते. पापड, लोणचे आणि वरून घेतलेले मीठ बंद. चालणे घरातल्या घरात पाच मिनिटांनी सुरू होते आणि महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासापर्यंत जाते. चालताना बोलता येत असेल तर वेग ठीक. वाक्य तुटू लागले तर थांबायचे. जिना चढायला हरकत नसते, मात्र प्रत्येक मजल्यावर टेकावे.

धातूची, म्हणजे यांत्रिक झडप बसवली असेल, तर खरी जोखमीची गोष्ट रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीची. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आणि 1990 साली पहिल्यांदा रुग्णाला बसवलेली चित्रा झडप भारतात पुष्कळांच्या छातीत आहे. ती असो वा परदेशी बनावटीची, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा काही महिनेच लागते, पण ती झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते. तरुण रुग्णांना यांत्रिक झडप देण्यामागे हेच कारण असते.

गोळीचा डोस आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवर ठरतो. सर्वसाधारण माणसाचा हा आकडा 1 च्या आसपास असतो. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर तो बहुधा 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात, महाधमनीच्या झडपेच्या जागी असेल तर 2 ते 3 मध्ये. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला तपासणी आठवड्यातून एक-दोनदा आणि आकडा स्थिरावल्यावर साधारण महिन्याने. डोस सरळ नसतो: सोमवार, बुधवार, शुक्रवार 2 मिलिग्रॅम, बाकीचे दिवस 3, कधी दीड म्हणजे गोळी अर्धी तोडून. म्हणून गोळी संध्याकाळची ठरवतात. सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट आला की त्याच रात्री बदल करता येतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात जिथे दुधाचे खाडे लिहिले जातात, त्याच चौकटीत गोळीचा आकडा, आयएनआर आणि वजन लिहिणारी घरे आहेत. मोबाइलच्या अ‍ॅपपेक्षा हे चांगले, कारण ते घरातल्या सर्वांना दिसते आणि गोळी दोनदा दिली जात नाही. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना विचारावे.

ही गोळी के जीवनसत्त्वाचे काम अडवते, आणि ते हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. एवढे कानावर पडले की घरातून पालक, मेथी, शेपू, कोबी हद्दपार होतात. ते अनावश्यक आहे. पालेभाजी रोज थोडी, पण तेवढीच असावी. महिनाभर काहीच नाही आणि मग एके दिवशी वाडगाभर अळूचे फदफदे, यानेच आकडा हलतो. उपवासांचेही तेच. खाणे एकदम कमी झाले की आयएनआर वर जाऊ शकतो, त्यामुळे या काळात संकष्टी आणि नवरात्र तिच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी करावे.

औषधांची गाठ आणखी कठीण. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, जुलाबांसाठी मेट्रोनिडेझॉल ही गल्लीतल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे या गोळीबरोबर रक्तस्राव घडवू शकतात. कमरेत इंजेक्शन, कोणाचा तरी काढा, लसणाचे कॅप्सूल, सगळे विचारल्याशिवाय नको. संधिज्वर पुन्हा होऊ नये म्हणून चालू असलेले पेनिसिलिन मात्र परस्पर सोडायचे नसते. ते इंजेक्शनने घ्यायचे की गोळ्यांनी, हे हृदयतज्ज्ञ ठरवतात. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेविषयी सांगावेच लागते, कारण हिरडीतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. विळीऐवजी सुरी, मऊ ब्रश. पाळीत रक्तस्राव वाढला तर तो सोसायचा विषय नाही, कळवायचा आहे. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत ही गोळी त्याला अपाय करू शकते, त्यामुळे गर्भनिरोधनाचे बोलणे डिस्चार्जच्या आधीच व्हायला हवे. नवरे इथे लाजतात, आणि डॉक्टरही घाईत असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेक रुग्णांना कारणाशिवाय रडू येते. झोप तुटक, तोंडाला चव नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. मोठ्या हृदयशस्त्रक्रियेनंतर हे इतके सर्रास दिसते की ते आधीच सांगून ठेवायला हवे. अशा वेळी 'आता तर सगळे छान झाले, रडतेस कशाला' हे वाक्य सर्वांत निरुपयोगी. जवळ बसणे पुरते. उदासी काही आठवड्यांनीही हटली नाही तर डॉक्टरांना सांगावे. भेटायला येणाऱ्यांना आवर घालणे हेही जोडीदाराचेच काम, कारण पाहुणे आले की ती सवयीने चहा ठेवायला उठते. सर्दी झालेल्याला दारातूनच निरोप द्यावा. वाईटपणा त्याने घ्यावा.

रात्री शांतता झाली की यांत्रिक झडपेची टिकटिक शेजारी झोपलेल्याला ऐकू येते. सुरुवातीला ती झोप उडवते, मग सवयीची होते. तिचा आवाज अचानक दबला किंवा बंद झाला आणि सोबत धाप लागली, तर झडप अडकल्याची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठायचे. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात गळून जाणे यांत 108 ला फोन. घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. डोक्याला मार लागला तर वरून काही दिसले नाही तरी दाखवावे. काळी शौच, 38 अंश सेल्सिअसवर ताप, जखमेतून पू, आडवे झाल्यावर दम लागणे, खोकताना हाडात 'कट्' असा आवाज, छातीची अनियमित धडधड ही त्याच दिवशी कळवायची लक्षणे.

सहा ते आठ आठवड्यांनी सर्जन छाती तपासतात, आणि मग दुचाकी चालवणे, नोकरी, कणीक, शरीरसंबंध यांच्या परवानग्या एकेक करून मिळतात; दोन मजले धाप न लागता चढता येणे हा शरीरसंबंधासाठीचा साधा निकष. साधारण याच सुमारास टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तो रिपोर्ट आणि झडपेचा प्रकार, आकार, क्रमांक लिहिलेले कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात एकत्र ठेवावे. पुढच्या प्रत्येक इकोची तुलना याच पहिल्या रिपोर्टशी होते.