खांद्यावरची पिशवी आणि ट्रकमधलं बोचकं

आळंदी ते पंढरपूर हा रस्ता सह्याद्रीकडे पाठ करून जातो. पुणे, दिवे घाट, सासवड इथपर्यंत भुरभुर पाऊस आणि गार वारं. जेजुरी-वाल्हं मागे पडून नीरा ओलांडली की पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. फलटण-माळशिरसकडे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आषाढाच्या तोंडावरही ऊन चटका देतं आणि धुरळा डोळ्यांत जातो. तरी वेळापुरात एखादी सर येऊन राहुटीत चिखल करणार नाही, याचा भरवसा नाही.

आमच्या आत्याची वारीची बांधाबांध मी दरवर्षी बघते. तिच्याकडे दोन गठुडी असतात आणि सगळी अक्कल कशात काय जायचं ह्यात असते. बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये पडतं, ते थेट मुक्कामावर भेटतं. दिवसभर सोबत फक्त खांद्यावरची पिशवी. पुण्याहून सासवड हा टप्पा 30 किलोमीटरच्या वर. घाटात भिजलात आणि कोरडं लुगडं ट्रकमध्ये असलं, तर त्याचा उपयोग काय?

तिची कसोटी एकच : वाळेल किती वेळात. अंथरूण सोडलं तर उबेचा विचार नंतर. सुती नऊवारी पाणी पिऊन ओलीचिंब झाली की चालताना पायांत अडकते आणि मांड्या सोलवटते. म्हणून वारीपुरती ती पॉलिस्टरच्या लुगड्यावर येते. एरवी तिला ते कापड आवडत नाही, उन्हात अंगाला चिकटतं म्हणते, आणि फलटणच्या पुढे त्याचा त्रास होतोच. म्हणून बोचक्यात एक जुनं, विरविरीत सुती लुगडं असतं, नीरेनंतर नेसायला. मला हा हिशेब फार शहाणपणाचा वाटतो. दुकानातला कुठलाही 'सर्व ऋतूंसाठी' कपडा इतका प्रामाणिक नसतो.

वाळवण्याची सोय वाटेतच असते. पहाटे टँकरपाशी धुतलेलं लुगडं दोघी दोन टोकं धरून चालतात, वारं भरतं आणि विसाव्यापर्यंत निम्मंअधिक सुकतं. उरलेलं ट्रकच्या दोरीवर.

छत्री मी सुचवली होती. "एवढ्या गर्दीत कुणाचा डोळा फोडू?" एवढंच ती म्हणाली. घाटात वारं सुटलं की छत्री उलटते, आणि ती धरली की टाळ वाजवायला हात उरत नाही. तिच्याकडे असतो प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर घेतला की पावसाचा, विसाव्याला खाली अंथरला की ओलीचा, आणि रात्री राहुटीत सतरंजीखाली. पाऊस नसला तर घडी करून पिशवीच्या तळाशी. घोंगडी मात्र ट्रकमध्येच. उबदार खरी, पण भिजली की जड, आणि दोन दिवस वाळत नाही.

तिथीमुळे अंदाज आणखी अवघड होतो. 2023 साली माउलींच्या पालखीचं प्रस्थान 11 जूनला होतं. त्याच सुमारास मोसमी पाऊस तळकोकणात येऊन अडकला. वारकऱ्यांनी बराच रस्ता उन्हात तुडवला. 2025 ला प्रस्थान 19 जूनला, आणि पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात आलेला. अधिक ज्येष्ठ असेल त्या वर्षी सगळं जुलैत सरकतं. आत्या पंचांग बघते, बातम्या ऐकते, आणि तरी पिशवीत तेच भरते : एक परकर-पोलकं, टॉवेल, कागद, कोरडं फडकं, खोबरेलाची बाटली. ओल्या चपलेनं बोटांची सालटी निघतात. फडक्यानं पाय पुसायचे, तेल लावायचं, मग चप्पल.

शेवटी ती पिशवी खांद्यावर टाकून अंगणात दोन फेऱ्या मारते. जड वाटली तर टॉवेल काढते आणि पंचा घालते. यंदा स्वेटरवरून आमची ओढाताण झाली. मी तो पिशवीत कोंबला. तिनं तो काढून बोचक्यात, घोंगडीच्या घडीत सारला आणि गाठ मारली.