दुरुस्तीवाल्या मुलांनो, आता डेटाबेस शिका

वीरहून महाडच्या दुकानांत जाऊन संगणक, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या मुलाची कमाई बिघाडावर चालते. बिघाड नाही, तर त्या दिवशी रोजी नाही. अशा होतकरूंनी डेटाबेसचे काम शिकावे, असे आम्हाला वाटते. आम्हा कापडवाल्यांना त्यातले निम्मे ठाऊकच आहे: गिऱ्हाइकाचा पत्ता एका वहीत, उधारी दुसरीत, आणि दोन्ही जोडणारा खाते नंबर. १९७० साली आय.बी.एम.च्या कॉड यांनी संगणकासाठी अशाच जोडलेल्या तक्त्यांची मांडणी सुचवली. एस.क्यू.एल. ही त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस फुकट मिळतात. मात्र घरची चूल पेटती ठेवायची, तर दुरुस्ती एकदम सोडू नये. आधी ओळखीच्या एका दुकानाची उधारी आणि शिल्लक ठाण संगणकावर बांधून द्यावेत. पदवी नसली तरी हा चालता नमुना पुढच्या मालकाला दाखवता येतो. पहिले काही महिने कागदी वहीही चालू ठेवावी.