'त्यानं काय होतंय?' – लहान मुलांच्या दिवाळीतले गैरसमज

लहान मूल असलेल्या घरात दिवाळीचा सगळा धसका सुतळी बॉम्बचा असतो. पण तो तीन वर्षांच्या पोराच्या हातात कुणी देत नाही; त्याला आत नेतात, कान झाकतात. हातात दिल्या जातात त्या 'त्यानं काय होतंय?' म्हणवल्या जाणाऱ्या वस्तू: फुलबाजी, नागगोळी, चिवड्याची वाटी, सेलवरची पणती. माझ्या मते घरात जपून राहायला हवं ते यांच्यापासूनच.

फुलबाजीपासून सुरुवात करू. तिच्या ठिणग्या इतक्या बारीक असतात की हातावर पडल्या तर टोचल्यासारखं होतं आणि विझतात. त्यावरून ती निरुपद्रवी ठरते. पण जळत्या टोकाचं तापमान सुमारे १००० अंश सेल्सिअस असतं. उकळतं पाणी १०० अंशांचं. फुलबाजी संपली की तारेची लाली जाते, ताप जात नाही. अंगणात टाकलेल्या त्या तारेवर अनवाणी पाय पडतो, किंवा मूल ती कौतुकानं उचलायला जातं. म्हणून पाण्याची बादली शेजारीच ठेवा आणि विझलेली प्रत्येक तार तिच्यात टाका. मुलाला कडेवर घेऊन फुलबाजी पेटवणं तर नकोच, कारण ठिणग्या नेमक्या त्याच्या तोंडासमोर येतात आणि ते झडप घालतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांनी लांबून बघावं. अंगात सुती, अंगासरसे कपडे हवेत. पॉलिस्टरचा घेरदार झगा फोटोत छान दिसतो, पण पेटला तर वितळून कातडीला चिकटतो.

भाजलं तर लगेच टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ असे सल्ले चारी बाजूंनी सुरू होतात. यातलं काहीच लावू नये. बर्फानं जखमेचं आणखी नुकसान होतं आणि लेप काढताना डॉक्टरांना ती पुन्हा खरवडावी लागते. भाजलेल्या भागावर नळाचं साधं, वाहतं पाणी २० मिनिटं सोडा. हा वेळ फार वाटतो, म्हणून घड्याळ लावा. सूज यायच्या आत वाळे, बांगड्या, अंगठी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. चेहरा, हात, सांधा किंवा जननेंद्रियाजवळ भाजलं असेल किंवा जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर दवाखाना गाठा.

नागगोळी ना उडते ना वाजते, म्हणून ती 'बाळांचा फटाका'. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये नेहमीच्या काही फटाक्यांचा धूर मोजला. त्यात सर्वांत जास्त सूक्ष्म कण नागगोळीनं सोडले, आणि फुलबाजीचे कण भुईनळ्यापेक्षा जास्त भरले. शिवाय नागगोळी बघायला मुलं ओणवून तोंड अगदी जवळ नेतात. बाळदमा असलेल्या मुलासाठी यापेक्षा वाईट खेळ सापडणं कठीण. 'हरित' फटाक्यांना धूरच नसतो, असाही एक समज आहे. नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेल्या या फटाक्यांचं उद्दिष्ट प्रदूषण साधारण ३० टक्क्यांनी कमी करण्याचं आहे. म्हणजे धूर आहेच.

मग तेलाची पणती नको, सेलवरची आणू, असं सुज्ञ पालक ठरवतात. आग टळते हे खरं. पण अशा कित्येक पणत्यांच्या बुडाशी नाण्यासारखा चपटा बटण सेल असतो आणि त्याचं झाकण नखानंही निघतं. हा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला, तर लाळेमुळे विद्युतप्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. 'शीतून पडेल, केळं खाऊ घाला' हा सल्ला इथे जीवघेणा आहे. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. स्क्रूनं बंद होणाऱ्या झाकणाचीच पणती घ्या, आणि काढलेले सेल रांगोळीच्या डब्यात टाकून ठेवू नका.

फराळाचा बदनाम आरोपी म्हणजे साखर. 'लाडू खाल्ले, आता बघ कसा उंडारतोय!' १९९४ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सगळ्याच मुलांना साखर नसलेलं पेय दिलं होतं. ज्या आयांना 'साखर दिली' असं सांगितलं, त्यांना आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला! साखरेनं दात किडतात हे मात्र पक्कं. दिवाळीतला दंगा बहुधा जागरणाचा आणि भावंडं जमल्याचा असतो.

खरी भीती चिवड्यातल्या शेंगदाण्याची. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा नीट चावता येत नाही आणि हसता-पळताना तो श्वासनळीत जातो. दाणा अडकून मुलाला श्वास घेता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर तोंडात बोट घालून चाचपू नका. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्या. ठसका थांबला म्हणजे दाणा निघालाच, असंही नाही. तो खाली सरकून एका बाजूला बसू शकतो, आणि एक्स-रेत दाणा स्वतः सहसा दिसत नाही. चिवडा खाताना जोराचा ठसका लागला होता आणि नंतर खोकला किंवा छातीत शिट्टी सुरू झाली, तर डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगा.

अभ्यंगस्नानाचं तेल बाळाच्या अंगाला चालतं. नाकात मात्र घालू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कढत पाणी ओतून विसणासाठी वळेपर्यंत रांगतं बाळ बादलीपाशी पोचलेलं असतं. पहाटेच्या मुहूर्ताचं म्हणाल, तर बाळाची आंघोळ दहा वाजता झाली म्हणून नरकासुर काही परत येत नाही.

'बाळ माणसाळत नाही, फार चिकटवून ठेवलंय' हे भाऊबीजेला हमखास ऐकू येतं. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास अनोळखी चेहऱ्याला बुजणं हा वाढीचा नेहमीचा टप्पा आहे. हातोहात फिरवून तो लवकर सरत नाही. दिवसाला एकच घर गाठा, दुपारची झोप मोडू नका. सर्दी झालेल्या आत्याला 'पापा नको, पाय धरा' असं हसून सांगता येतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर सण असो की रविवार, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

सणात नेहमीचा दवाखाना बंद असतो. जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय कोणतं, हे वसुबारसेच्या आधीच विचारून ठेवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दिवाळीतही येते, आणि तिला पैसे लागत नाहीत.