पाणी ठरते ऑक्टोबरात

वाशिम तालुक्यातल्या काटा गावाजवळ उगम पावणारी पूस नदी पुसदची वाट धरते. वाशिमच्या याच पठारावरून निघालेली काटेपूर्णा मात्र उत्तरेला वळते, महानच्या धरणात अडते आणि अकोला शहराची तहान भागवते. पूसचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जाते, तर काटेपूर्णेचे पाणी पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. अरुणावतीही इथलीच, आणि तीही यवतमाळकडे निघून जाते. दक्षिण सीमेवरची पैनगंगा तेवढी बुलढाण्याकडून येते. ती सोडली तर हा जिल्हा पाणी देणारा आहे, घेणारा नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही पाण्याच्या बाबतीत वाशिमची गत लहान बेटासारखी आहे: अंगावर पडेल तो पाऊस, तेवढीच मिळकत. हवामान बदलत असताना छोट्या बेटांना जो धडा गिरवावा लागतो आहे, तो म्हणूनच या पठारालाही लागू पडतो. पाण्याची सुरक्षितता साठवणुकीच्या कामांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, वेळेवर केलेल्या हिशेबावर अवलंबून असते.

प्रवाळाच्या बेटाखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. म्हणजे वरची पातळी थोडी उतरली, की खालून खारे पाणी झपाट्याने वर येते. एकदा विहीर खारी झाली, की ती पुन्हा गोडी व्हायला काही वर्षेही लागू शकतात. 2011 मध्ये पाऊस रुसला तेव्हा प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाला आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्या लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 2005 पासून समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारा प्रकल्प चालतो, पण तो दिवसाला सुमारे एक लाख लिटर पाणी देतो. एवढ्यात पिण्याची गरज भागेल, शेतीची नाही. त्यामुळे पाणी किती, माणसे किती आणि आधी कुणाला द्यायचे, हे बेटावर आधीच ठरवावे लागते.

वाशिमच्या जमिनीखाली समुद्र नाही, बेसाल्ट आहे. विहीर खोदताना वर काळी माती लागते, मग मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या खडक आणि शेवटी काळा कातळ. पाणी धरतो तो मुख्यतः मुरूम आणि भेगाळलेला थर, आणि तोही कंजूष आहे. भूजल मोजणीत अशा खडकाची पाणी देण्याची क्षमता त्याच्या आकारमानाच्या सुमारे दोन टक्के धरतात. याचा अर्थ असा, की वर्षाच्या 800 मिलिमीटर पावसापैकी दहा टक्के, म्हणजे 80 मिलिमीटर पाणी जरी मुरले, तरी विहिरीची पातळी चार मीटर चढते. आनंद होतो खरा, पण ही चढती पातळी भरपूर पाण्याची खूण नसते, भांडे लहान असल्याची असते. ते लवकर भरते, भरल्यावर उरलेले नाल्याने वाहून जाते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर रिकामे होते. चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षासाठी राखता येत नाही. त्यातच पावसाची तऱ्हा बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत भागांवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. दोन दिवसांत कोसळलेला पाऊस मुरुमात उतरत नाही, माती घेऊन वाहून जातो.

आता हजार हेक्टर शिवार आणि दोन हजार वस्ती असलेले एक गाव कल्पून पाहू. 80 मिलिमीटर पाणी मुरले, तर गावाच्या खात्यात आठ लाख घनमीटर जमा झाले. माणशी रोज 55 लिटर हे जलजीवन मिशनचे प्रमाण धरले, तर वर्षाला पिण्या-वापरण्यासाठी चाळीस हजार घनमीटर लागतात, म्हणजे जेमतेम पाच टक्के. तरीही मे महिन्यात टँकर येतो, तो का? गव्हाला पाण्याच्या पाच-सहा पाळ्या द्याव्या लागतात, हेक्टरी सुमारे साडेतीन हजार घनमीटर. बारा हेक्टर गहू म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी. त्याच रानात हरभरा असेल तर दोन पाण्यांत भागते. कोरड्या नळाचे मूळ बऱ्याचदा अपुऱ्या पावसात नसते. पावसाळा संपल्यावर शिल्लक न मोजता केलेल्या पेरणीत असते.

यावर पहिला आक्षेप येतो: बाहेरून पाणी आणा. 2024 मध्ये मंजूर झालेल्या वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाचे उदाहरण दिले जाते. पण त्याचे पाणी ज्या गोसीखुर्दच्या जलाशयातून यायचे, त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 245 मीटर, तर वाशिम शहर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तीनशे मीटर वर एक घनमीटर पाणी चढवायला, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून, एक युनिटहून अधिक वीज लागते. पिण्यासाठी हे एक वेळ परवडेल, गव्हासाठी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेततळी, नाला खोलीकरण, गाळ काढणे ही कामे फुकट गेली का? मुळीच नाही. माथ्यावर थांबवलेले पाणी उशिरापर्यंत मुरत राहते. पण प्लास्टिक अंथरलेले शेततळे विहिरीच्या पंपाने भरले, तर पाणी वाढत नाही, सावलीतले पाणी फक्त उन्हात येते आणि काही वाफ होऊन जाते. तिसरा आक्षेप न्यायाचा आहे: आधीच पिचलेल्या शेतकऱ्यालाच हात आखडायला का सांगायचे? हिशेब नसला, की ज्याचे बोअर खोल त्याचे पाणी, हेच गावाचे धोरण बनते. त्यात पहिला बळी कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि सार्वजनिक विहिरीचा जातो. मात्र गव्हाऐवजी हरभरा घ्या असे सांगायचे, तर हरभऱ्याची खरेदी हमीभावाने व्हायला हवी. नाहीतर हा नुसता उपदेश ठरेल.

साधने नाहीत असेही नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिम जिल्हा होता आणि त्यात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीला मज्जाव करणारी तरतूद महाराष्ट्रात 1993 च्या कायद्यापासून आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरमध्येही मोजते. कमी आहे ती या आकड्यांना ग्रामसभेत वजन मिळण्याची. ऑक्टोबरमध्ये वर्षाची सगळी मिळकत हाती आलेली असते आणि रब्बीची पेरणी व्हायची असते. पिण्याचा वाटा आधी बाजूला काढून उरलेल्यातच पीक ठरवण्याची हीच वेळ. बेटावर चूक झाली तर विहीर खारी होते आणि ती चूक वर्षानुवर्षे भोवते. वाशिमचा खडक दर पावसाळ्यात पुन्हा भरतो, म्हणजे दर वर्षी माफ करतो. या माफीची सवय लागल्यामुळेच हिशेब पुढे ढकलला जातो. पावसाचा भरवसा उरला नसताना ती सवय परवडणारी नाही. मे महिन्यातल्या टँकरच्या नियोजनाला प्रशासन जितके गांभीर्य देते, तितके ऑक्टोबरच्या ग्रामसभेला दिले, तर टँकर मागण्याची पाळीच कमी वेळा येईल.