घटत्या वजनाचा फेरहिशेब

मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानाने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकवली. येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. दुष्काळात संत दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी धान्याची कोठारे खुली केली, ही कथा याच गावची. आज मात्र पेढीवर बैठे काम करणाऱ्या अनेक घरांपुढे प्रश्न उपासमारीचा नाही. वाढता कंबरघेर आणि त्यामागून येणारा मधुमेह यांचा आहे.

वजन उतरवू पाहणारे बहुतेक जण आरंभी उष्मांकांचे एक लक्ष्य ठरवतात आणि तेच अखेरपर्यंत धरून बसतात. चूक नेमकी येथे होते. ४५ वर्षांचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा, ८४ किलो वजनाचा बैठ्या कामाचा पुरुष घेतला, तर त्याचा दिवसाचा खर्च सुमारे १९८० उष्मांक भरतो. आहार १५०० ठेवल्यास रोज ४८० ची तूट पडते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. म्हणजे आठवड्याला साधारण ४४० ग्रॅम घट. वजन ७६ किलोवर आले की खर्चही १८८५ च्या आसपास उतरतो. आहार तोच राहिला तरी तूट ३८५ वर येते आणि घट मंदावते. प्रयत्न खोटे ठरलेले नसतात. जुन्या भावाने नवा हिशेब मांडलेला असतो.

यासाठी काटा रोज सकाळी पाहावा. पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवरून घ्यावा. उपवासानंतर झपाट्याने उतरलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते व पारण्यानंतर परत येते. त्या आठवड्यात लक्ष्य बदलू नये. सरासरी तीन आठवडे हलली नाही, तर आधी मोजमाप तपासावे. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे १७० उष्मांक, एका चमचा तेलात ४५. गिऱ्हाइकांसोबत घेतलेल्या सहा कप चहांत प्रत्येकी दोन चमचे साखर असेल, तर साखरेचेच २४० होतात. वहीत बहुधा हीच नोंद सुटलेली असते.

नोंद चोख असूनही काटा स्थिर राहिला, तर शंभर उष्मांक कमी करावेत किंवा अर्धा तास चालणे वाढवावे. कात्री तेल, साखर, फरसाण यांना लावावी. डाळ, मूग, ताक यांना नव्हे, कारण प्रथिने घटली की स्नायूही झिजतात. आठवड्याला किलोहून अधिक वजन सतत उतरत असेल, तर आहार वाढवावा. स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० उष्मांकांखाली वैद्यकीय सल्ल्याविना जाऊ नये. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर प्रत्येक बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

बाह्य तपांत ऊनोदरीला स्थान आहे: पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास, स्त्रीचा अठ्ठावीस, आणि त्याहून कमी जेवणे हे तप. त्याचा हेतू वजन घटवणे नव्हे, आसक्ती घटवणे आहे. तरीही भूक उरलेली असताना ताटावरून उठण्याची ही सवय ज्या घरात आहे, तेथे शंभर उष्मांकांची काटछाट जड जात नाही. भाकरी तीच राहते. चतकोर तेवढी कमी होते.